लंगडी गोम

माझा भाऊ सिद्राम याला पाचाच्या पुढे मोजता येत नव्हतं. हे मी सख्खी बहीण म्हणून सांगते. आमच्या गल्लीला ते ठाऊक होतं, पण तोंडावर कुणी बोलत नसे, कारण त्याच्या साडीची गोम बेळगावजवळच्या अख्ख्या शहापुरात सगळ्यात सरळ. गोम म्हणजे काठावरची नक्षी. बोटभर रुंद पट्टा आणि त्याला दोन्ही अंगांनी फुटलेले बारीक बारीक पाय. आठ वेळा आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा, नवव्या वेळी काठाची दोरी ओढायची, की गोमीला एक पाय फुटतो. नऊवारी साडीत असे दीड-दोन हजार पाय निघतात. खानापूरकडची गिऱ्हाइकं काठावरून बोट फिरवून म्हणायची, काय मोजणी हाय ह्या माणसाची. सिद्राम मिशीला पीळ देऊन सांगायचा, "डोस्क्यात असतंय सगळं."

डोक्यात काही नव्हतं. मोजणी होती बायाक्काच्या गळ्यात.

बायाक्का म्हणजे माझी भावजय. विणकर पाय सोडून बसतो त्या मागाच्या खड्ड्याशेजारी रहाट घेऊन ती धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरत बसायची आणि आईकडून शिकलेल्या जात्यावरच्या ओव्या म्हणायची. ओळ संपताना तिच्या आवाजात एक हेल यायचा, आणि तो हेल आला की सिद्रामचा हात आपोआप दोरीकडे जायचा. तिला ठसका लागला तर गोमीचा एक पाय लांब जायचा. ती दूधवाल्याशी भांडायला उठली की माग बंद पडायचा. यात नवल काही नाही, आमच्या गल्लीत घरोघर हेच चालायचं. नागुबाईचा सासरा मागाशेजारी बसून भजनं म्हणायचा. तो वारला तेव्हा त्या घरातल्या साड्या तीन महिने वाकड्या निघाल्या. म्हाताऱ्यासाठी नागुबाई इतकी का रडते, याचा बाहेरच्यांना फार अचंबा वाटला होता.

फरक एवढाच, की बाकीचे कबूल करायचे. सिद्राम मेला तरी करणार नाही. बारा वर्षं त्यानं बायकोच्या गाण्यावर साड्या विणल्या आणि बारा वर्षं शाबासकी आपल्या डोक्याला घेतली. वर कुणी आलं की तिच्याकडे मान उडवून म्हणायचा, "हिची आपली किरकिर चालूच असती. माझं ध्यान न्हाय तिकडं."

बायाक्का मला एकदा म्हणाली, "अंबू, मला सोनं नगं, नाणं नगं. एकदा चारचौघांत ह्यांनी म्हणावं, मी बायकूच्या गाण्यावर इणतो म्हणून. झालं माझं." मी म्हटलं, वैनी, त्यापेक्षा सोनं माग, ते लवकर मिळेल. मी नवऱ्याला सोडून माहेरी आलेली बाई. मी सोडलं की त्यानं, यावर दोन्ही घरांत अजून वाद आहे, पण पुरुष कशाला कबूल होतात आणि कशाला नाही, एवढं मला चांगलं कळतं.

त्या साली पावसाळा सरल्यावर एक संगीत नाटक कंपनी बेळगावात मुक्कामाला आली. खेळ बेळगावच्या पत्र्याच्या थेटरात, पण बिऱ्हाड आमच्या घरामागच्या रिकाम्या वखारीत. मध्ये एक मातीची भिंत. कंपनीची नायिका म्हणजे कंग्राळीचा रवळू. जाहिरातीवर त्याचं नाव लांबलचक आणि राजघराण्यातलं असायचं, पण आमच्या लेखी तो रवळूच. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत बापाबरोबर नांगर धरलेला. आवाज मात्र असा, की ऐकणाऱ्यानं हातातलं काम सोडावं. दाढीही तशीच घट्ट, दिवसातून दोनदा करावी लागे. आणि सकाळी डोळा उघडल्यापासून गालात निपाणीची तंबाखू.

नव्या नाटकाची तालीम चालू होती. त्यात झोपाळ्यावर बसून म्हणायचं एक गाणं होतं, "हलेना पान गं वेळूचे." रवळू रोज सकाळी ते भिंतीपलीकडे घोळायचा आणि अलीकडे बायाक्काच्या हातातला रहाट हळू व्हायचा. आठ दिवसांत गाणं तिच्या गळ्यात उतरलं. आईच्या ओव्या मागे पडल्या. भांडी घासताना तेच, चुलीपाशी तेच. मी तिला एवढी खूश पूर्वी पाहिली नव्हती, म्हणून मीही काही बोलले नाही.

त्याच सुमाराला भरमू आप्पा आमच्याकडे आले. हे साड्यांचे व्यापारी. सूत-रेशीम तेच द्यायचे आणि साडी तेच न्यायचे. पहिल्या खेळाला नायिकेच्या अंगावर शहापुरी साडी पाहिजे, असं कंपनीच्या मालकानं त्यांना सांगितलं होतं. आप्पा म्हणाले, "सिद्राम, तुझ्याबिगर कुणाच्या हाताला ही साडी द्यायची न्हाय. तुझी गोम म्हंजी गोम." झालं. सिद्राम त्या दिवशी जेवायला बसला तोही पुढाऱ्यासारखा.

बारा दिवस साडी मागावर होती. बायाक्का शेजारी बसून गात होती. विणलेलं कापड गुंडाळत जातं, समोर दिसतं ते वीतभर, आणि वीतभरात माणसाला आपली चूक दिसत नाही. पहिल्या खेळाच्या सकाळी साडी मागावरून उतरवली आणि सोप्यात अंथरली. सिद्राम मटकन खाली बसला.

गोम लंगडत होती. तीन पाय नीट, मग मध्येच मोठी फट. पुन्हा दोन पाय, पुन्हा फट. मग पाच पाय सरळ गेल्यावर वाटावं की सुधारली, तोच पुन्हा लंगडी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हीच तऱ्हा.

"हे तुझ्यामुळं झालं," सिद्राम बायाक्कावर खेकसला. "त्या नाटक्याचं गाणं म्हणाय कुणी सांगितलतं? तू मधीच थांबतीस, फुडं जातीस, माझा हात चुकतोय."

बायाक्कानं रहाट सोडला. शांतपणे विचारलं, "म्हंजी आजवर माझ्या गाण्यावरच इणत हुतासा म्हणा की."

आपण काय बोलून बसलो हे सिद्रामच्या ध्यानात आलं. चांगल्या साडीला डोकं आणि वाईट साडीला बायकोचा गळा, हे गणित त्याला स्वतःलाही जमेना. शेवटी कपाळाला हात लावून म्हणाला, "मला ताप आलता. तापात मोजणी चुकली." आणि खरंच जाऊन कांबळं पांघरून निजला. जाता जाता तेवढं बजावून गेला, "उद्यापास्नं मागाम्होरं तोंड उघडायचं न्हाय."

"न्हाय उघडत," बायाक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्या भावाच्या डोक्यात पाटा घालावा असं मला वाटलं, खोटं कशाला सांगू.

भरमू आप्पांनी साडी पाहून कपाळावर हात मारला, पण दुसरी आणणार कुठून? गॅसबत्तीच्या उजेडात कुणाला कळणार नाही असं म्हणत ते ती तशीच घेऊन गेले. सिद्रामनं कांबळ्यातून विचारलं, "गेले काय?" मी म्हटलं, गेले, आता मरायला हरकत नाही.

तो मेला नाही, कारण झालं भलतंच. रवळू ती साडी नेसून झोपाळ्यावर बसला, निऱ्या पुढे पसरल्या आणि गाऊ लागला. झोपाळा हलला आणि काठावरची गोम चालायला लागली. सरळ पायांची गोम नुसती पडून असते. या गोमीचे पाय पुढेमागे होते, त्यामुळे झोक्यासरशी ती निऱ्यांतून सरसर निघाल्यासारखी दिसे. बायकांची बाजू रंगमंचाला लागूनच होती. तिथं पहिल्यांदा कुजबुज उठली. गाण्याला चार वेळा वन्स मोअर मिळाला. पुरुष गाण्यासाठी ओरडत होते आणि बायका काठ पुन्हा बघायला मिळावा म्हणून. मालक मात्र आपल्या पेटीवाल्याची पाठ थोपटत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भरमू आप्पांच्या दुकानात बाया. अनगोळच्या आल्या, वडगावच्या आल्या. खानापूरच्या मामलेदाराच्या बायकोनं शिपाई पाठवला. सगळ्यांना लंगडी गोम पाहिजे. दिवाळी तोंडावर आलेली. आप्पा धावतच आमच्याकडे आले.

सिद्रामनं कांबळं फेकून दिलं. "मुद्दाम तशी इणली हुती, आप्पा. डोस्क्यात कवापास्नं हुतं. लई अवघड मोजणी हाय." मी बायाक्काकडे पाहिलं. ती त्याच्या हुकुमाप्रमाणे गाणं बंद ठेवून कांड्या भरत होती.

"दोन डझन दे," आप्पा म्हणाले.

आता पंचाईत अशी, की मूळ साडी कंपनीच्या मालकानं पेटीत कुलूप घालून ठेवलेली. नायिकेच्या वस्त्राला बाहेरच्यानं हात लावायचा नाही, असं त्याचं म्हणणं. सिद्रामनं विचार केला, गाण्यावर झालंय ना, मग गाणं मी म्हणतो. त्यासाठी तो ओळीनं तीन खेळ बघून आला आणि खड्ड्यात बसून रवळूच्या चालीत गाऊ लागला. त्याचा आवाज ऐकून नागुबाईनं पोरं घरात घेतली. आणि एवढं करून गोम निघाली ती सरळ, लष्करातल्या शिपायासारखी. बाकीच्या मागवाल्यांनीही हात मारून पाहिला. एकानं दर चौथ्या पायाला फट सोडली. ती गोम लंगडी न दिसता दात पडल्यासारखी दिसत होती. बायांनी ती हातातसुद्धा धरली नाही.

आठव्या दिवशी सिद्राम माझ्यामागे आला. बायको तीन हातांवर बसलेली आणि हा मला सांगतोय, "अंबू, तुझ्या वैनीला म्हणावं, कांड्या भरताना गुणगुणलं तरी चालंल."

बायाक्का मला म्हणाली, "अंबू, तुझ्या अण्णास्नी म्हणावं, किरकिर कशाला आयकायची? मोजा म्हणावं."

दोन दिवस मी अशी टपालाचा डबा होऊन राहिले. शेवटी बायाक्कानं अट घातली. "भिंतीतनं आयकल्यालं गाणं हाय. आता इसराय लागलंय. मला एकदा थेटरात बसून आयकू दे, मग म्हणतो मी." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, म्हणतो, जातो. सिद्राम आजवर सांगत आलेला, की घरंदाज बायका नाटकाला बसत नाहीत. खानापूरच्या मामलेदारीणबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, हे मी त्याला आठवून दिलं. रविवारी दुपारी कंपनीचा शेवटचा खेळ होता. त्यानं दोन तिकिटं आणून गुपचूप भिंतीतल्या देवळीत ठेवली.

थेटरात बायाक्का पुढच्या बाकावर पदर सावरून बसली. झोपाळा आला. रवळू त्यावर बसला, ताज्या दाढीच्या गालावर पावडर, आणि गायला लागला. मी तिच्याकडेच बघत होते. आधी ती हरखली, मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. रवळू कुठेच थांबत नव्हता. घरी बायाक्का म्हणायची "हलेना पान", मग थांबायची, मग "गं वेळूचे". इथं ते एका श्वासात निघून गेलं. दुसऱ्या ओळीला ती दोनदा थांबायची, हा एकदाही नाही.

"वैनी," मी कानात म्हटलं, "तू थांबतीस तिथं हा थांबत न्हाय गं."

तिनं रवळूच्या गालाकडे निरखून बघितलं. मग म्हणाली, "कसा थांबंल? आज तोंडात तंबाखू न्हाय त्याच्या."

मला कळायला थोडा वेळ लागला. तालमीत रवळू ओळ अर्धी सोडून थुंकायला थांबायचा. भिंतीपलीकडचं बायाक्काला दिसत नव्हतं. तिला वाटलं, चालच अशी आहे, थांबत थांबत जाणारी. तिनं ते थांबे जसेच्या तसे गळ्यात घेतले, सिद्रामनं हातात घेतले आणि ते साडीवर उतरले. खानापूरच्या मामलेदारीणबाईंना दिवाळीला पाहिजे होतं ते रवळूचं थुंकणं. मी पदर तोंडात कोंबून हसले. बायाक्काही आधी हसली.

"मला वाटलतं, गाण्यातलं समद्यात गोड तेच हाय," ती म्हणाली.

तिला वाईट वाटलं, हे मला तिच्या आवाजावरून कळलं. पण गाणं इतकं सुंदर झालं होतं, की घरी येईपर्यंत ती वाटभर खरी चाल म्हणत आली. रात्रीच कंपनीनं सामान बांधलं आणि ती हुबळीला गेली. साडीही गेली.

सोमवारी सकाळी सिद्राम खड्ड्यात उतरला, बायाक्का रहाटावर बसली आणि गायली. फार छान गायली. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. हातभर कापड झालं तसा सिद्राम वाकून बघायला लागला. गोम सरळ होती.

"असं न्हाय," तो म्हणाला.

"असंच हाय. रवळू असंच म्हणतोय. मी कानांनी आयकून आलोय."

"त्याचं ऱ्हाऊ दे. तू म्हणायचीस तसं म्हण."

बायाक्कानं प्रयत्न केला. एक थांबा भलतीकडेच पडला. पुन्हा म्हटलं, तो पडलाच नाही. तिनं रहाट थांबवला. "न्हाय येत. खरं गळ्यात बसलं, खोटं गेलं. आता कुठनं आणू?"

एवढ्यात भरमू आप्पा आले. कापडाकडे बघितलं आणि म्हणाले, "सिद्राम, जमत नसलं तर तसं सांग. वडगावचा एकजण करतो म्हणतोय. त्याला देतो काम." त्यांच्यामागे नागुबाई, गल्लीतली मालुबाई, पलीकडचे दोन मागवाले. दार भरून माणसं झाली.

सिद्राम खड्ड्यात कंबरेएवढा उभा होता. त्यानं एकदा आप्पांकडे पाहिलं, एकदा कापडाकडे. मग खाली मान घालून तो गाऊ लागला. आवाज तोच, वंगण नसलेल्या गाडीचा. पण "हलेना पान" म्हणून तो थांबला. बरोबर तेवढाच थांबला, जेवढी बायाक्का थांबायची. मग "गं वेळूचे". दुसऱ्या ओळीत दोनदा थांबला. तिसऱ्या ओळीत एका जागी बायाक्का दातानं दोरा तोडायची, तेवढी जागासुद्धा त्यानं सोडली. बारा दिवस तिनं जे म्हटलं होतं, ते त्याला श्वासासकट पाठ होतं. कुणीतरी मागे खुदकन हसलं. त्याचे कान लाल झाले, पण गाणं त्यानं सोडलं नाही.

आप्पांनी विचारलं, "हे रवळूचं गाणं?"

"न्हाय," सिद्राम म्हणाला. "हिचं हाय. मला मोजाय येत न्हाय, आप्पा. मी हिच्या गळ्यावर इणतो. बारा वरसं झाली."

बायाक्कानं पदरानं नाक पुसलं आणि रहाटाचा दांडा धरला.

"म्हणा, म्हणा," ती म्हणाली. "मला अजून नीट आठवंना झालंय."

तो पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला. खरं तर मघाशी पहिल्या ओळीलाच तिला सगळं आठवलं होतं. मी शेजारीच बसले होते, मला दिसत होतं. प्रत्येक थांब्याला रहाटावरचा तिचा हात त्याच्या आधीच थांबत होता. तरी तिनं चारही कडवी सगळ्यांच्या देखत त्याच्याकडून म्हणून घेतली.